विश्वाचा मोजणीदार

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ हे प्राचीन देवस्थान आहे. तेथील कोरीव पाषाणमंदिराच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येत असतात. याच परिसरात दुधाळा नावाचे एक लहानसे खेडे आहे. खेड्यातील जमिनीची मोजणी सहसा होते ती शेताच्या बांधासाठी किंवा वाटणीसाठी; परंतु दुधाळ्याच्या माळावरील जमीन मोजली गेली ती एका निराळ्याच कारणासाठी. दूरच्या विश्वातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी एक प्रचंड वेधशाळा तेथे उभारण्याचे ठरले. ‘लायगो-इंडिया’ असे तिचे नाव. २०२३ सालच्या एप्रिल महिन्यात केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या योजनेला मान्यता दिली.

या वेधशाळेने ज्या प्रश्नांच्या उत्तराला हातभार लावावा अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे, त्यांपैकी एक प्रश्न फार मोठा आहे. विश्व प्रसरण पावत आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. पण ते किती वेगाने प्रसरण पावत आहे, याविषयी मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. दोन निरनिराळ्या मार्गांनी मोजणी केली असता दोन निरनिराळी उत्तरे येतात. या मोजणीचा पाया ज्यांनी घातला, त्या एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञांचे चरित्र मोठे बोधप्रद आहे.

एडविन पॉवेल हबल यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८९ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात मार्शफील्ड या गावी झाला. त्यांचे वडील विमा व्यवसायात होते. पुढे हे कुटुंब शिकागो शहराजवळील व्हीटन या गावी राहावयास गेले. एडविन उंचापुरा आणि अंगाने बळकट मुलगा होता. मैदानी खेळांत, विशेषतः उंच उडीत, तो शाळेत चमकला. त्याला वाचनाचीही आवड होती. अद्भुत प्रवासाच्या आणि साहसाच्या कथा तो आवडीने वाची. आजोबांकडे एक दुर्बीण होती आणि तिच्यातून तारे पाहण्याची गोडी त्याला लहानपणीच लागली, असे सांगतात.

शिकागो विद्यापीठात हबल यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र हे विषय अभ्यासले. १९१० साली ते पदवीधर झाले आणि मोठ्या मानाची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात दाखल झाले. मुलाने वकील व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. वडिलांचा शब्द मोडणे हबल यांना प्रशस्त वाटले नाही. आकाशाकडे ओढ घेणारे मन आवरून त्यांनी कायद्याचा अभ्यास केला. १९१३ साली, ते ऑक्सफर्डमध्ये असतानाच, वडिलांचे निधन झाले. हबल मायदेशी परतले. आई व भावंडे यांच्याजवळ राहता यावे, म्हणून न्यू अल्बनी या गावच्या शाळेत त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली. तेथे ते स्पॅनिश भाषा, भौतिकशास्त्र व गणित शिकवीत आणि मुलांना बास्केटबॉलचे धडे देत. मुलांचे ते आवडते शिक्षक होते.

वडिलांची इच्छा पाळून झाली होती. नोकरीही बरी होती. तथापि मनाला समाधान नव्हते. आपण कायद्यात किंवा शाळेत कितीही नाव मिळविले, तरी आपले खरे काम निराळेच आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. एका वर्षाने त्यांनी नोकरी सोडली आणि पंचविशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत ते संशोधन करू लागले. अंधुक तेजोमेघांची छायाचित्रे घेऊन त्यांचा अभ्यास करणे, हा त्यांचा विषय होता.

तेजोमेघ म्हणजे आकाशात धुरकट ढगासारखे दिसणारे तेजाचे पुंजके. हिंगोलीसारख्या ठिकाणी, जेथे शहराच्या दिव्यांचा झगमगाट नाही, तेथे कार्तिक-मार्गशीर्षाच्या निरभ्र रात्री देवयानी नक्षत्राकडे नजर लावली, तर नुसत्या डोळ्यांनाही असा एक फिकट ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे काय, याविषयी त्या काळी शास्त्रज्ञांत तीव्र मतभेद होता. काहींच्या मते हे सारे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या आतलेच वायूचे ढग होते आणि आकाशगंगा हेच अवघे विश्व होते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की यांपैकी कित्येक तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे असून त्या स्वतंत्र आकाशगंगाच आहेत. १९२० साली वॉशिंग्टन येथे हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या दोन विद्वानांनी आपापले पक्ष मांडले. दोन्हीकडे पुरावे होते. निर्णायक पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता. अंतर मोजल्यावाचून हा वाद मिटणे शक्य नव्हते.

१९१७ साली हबल यांना डॉक्टरेट मिळाली. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेचे संचालक जॉर्ज एलरी हेल यांनी त्यांना आपल्याकडे बोलाविले होते. परंतु त्याच सुमारास अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि हबल सैन्यात भरती झाले. मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढून, युद्ध संपल्यावर, १९१९ साली ते माउंट विल्सनवर रुजू झाले. सुमारे १,७४० मीटर उंचीच्या या डोंगरावर १०० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण नुकतीच बसविण्यात आली होती. त्या वेळी ती जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

या दुर्बिणीपाशी काम करणे म्हणजे एक प्रकारची तपश्चर्याच होती. उबदार हवेने ताऱ्याचे प्रतिबिंब थरथरते. म्हणून वेधशाळेच्या घुमटात शेकोटी चालत नसे. हिवाळ्याच्या कडाक्यात हबल रात्रीच्या रात्री दुर्बिणीपाशी जागत. एकेका छायाचित्रासाठी काच तासचे तास उघडी ठेवावी लागे आणि तेवढा वेळ दुर्बीण ताऱ्यावरून तसूभरही ढळू नये, म्हणून लक्ष द्यावे लागे.

१९२३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात हबल यांनी देवयानीतील तेजोमेघाचे एक छायाचित्र घेतले. त्यात तीन बिंदू त्यांना नवे वाटले. एकाएकी उजळून विझणारे ‘नवतारे’ असावेत, असे समजून त्यांनी काचेवर तशी खूण केली. पुढे जुनी छायाचित्रे पडताळून पाहताना त्यांच्या ध्यानात आले, की त्यांतील एक बिंदू नवतारा नाही. तो ठरावीक काळाने उजळतो, मंदावतो आणि पुन्हा उजळतो; सुमारे ३१ दिवसांत त्याचा एक फेरा पुरा होतो. हबल यांनी आपलीच पहिली खूण खोडली आणि तेथे रूपविकारी तारा असल्याची नवी नोंद केली. स्वतःची चूक स्वतःच्या हाताने खोडण्याच्या त्या एका कृतीतून विश्वाची सीमा बदलली.

त्या ताऱ्याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीचे स्मरण करावयास हवे. हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासण्याचे कष्टाचे काम त्या करीत. त्यांना ऐकू फार कमी येई. हजारो ताऱ्यांच्या नोंदी करता करता त्यांना एक नियम सापडला आणि १९१२ साली तो प्रसिद्ध झाला. सेफीड नावाच्या रूपविकारी ताऱ्यांपैकी ज्याचा फेरा जितका लांब, तितके त्याचे मूळचे तेज अधिक. हा नियम म्हणजे अंतर मोजण्याची किल्लीच होती. कंदील मुळात किती प्रखर आहे हे ठाऊक असले, म्हणजे तो किती मंद दिसतो यावरून तो किती दूर आहे हे काढता येते, तसेच हे. लेव्हिटबाई १९२१ साली वारल्या. आपल्या किल्लीने कोणते दार उघडले, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

हबल यांनी या नियमावरून हिशेब केला. देवयानीतील तो तारा सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे दूर असल्याचे निघाले. प्रकाश एका वर्षात जेवढे अंतर तोडतो, ते एक प्रकाशवर्ष. शॅप्ली यांनी आकाशगंगेचा विस्तार फार मोठा, सुमारे ३ लाख प्रकाशवर्षे, मानला होता. तरीही हा तारा तिच्या पुष्कळ बाहेर पडत होता. हबल यांनी पत्राने ही वार्ता शॅप्ली यांना कळविली. ते पत्र वाचून, या पत्राने आपले विश्व मोडून टाकले, अशा अर्थाचे उद्गार शॅप्ली यांनी काढले. परंतु पुरावा समोर येताच त्यांनी तो मान्य केला. १९२५ सालच्या १ जानेवारीस हबल यांचा निबंध वॉशिंग्टन येथील शास्त्रज्ञांच्या सभेत वाचला गेला आणि देवयानीतील तो फिकट ठिपका ही एक स्वतंत्र दीर्घिका आहे, हे सिद्ध झाले. जे विश्व एका आकाशगंगेपुरते मानले जात होते, त्यात आता अगणित आकाशगंगा सामावल्या.

त्या काळी हिंगोली हे हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानच्या निजामिया वेधशाळेतही आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांच्या सूची करण्याचे काम जगातील इतर वेधशाळांच्या सहकार्याने चालू होते. आकाशाची मोजणी हे कोणा एका देशाचे काम कधीच नव्हते.

अंतरे मोजता येऊ लागली, तेव्हा हबल यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. या दीर्घिका स्थिर आहेत की फिरत्या? आगगाडी शिटी वाजवीत हिंगोलीच्या स्थानकाकडे येत असते, तेव्हा शिटीचा स्वर चढा लागतो आणि ती दूर जाऊ लागली की स्वर उतरतो. प्रकाशाचेही काहीसे असेच आहे. दूर जाणाऱ्या वस्तूच्या वर्णपटातील रेषा तांबड्या रंगाकडे सरकतात. लॉवेल वेधशाळेतील व्हेस्टो स्लायफर या शास्त्रज्ञांनी १९१२ पासून मोठ्या चिकाटीने अशा रेषा मोजल्या होत्या. बहुतेक दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत, असे त्यांच्या मोजणीवरून दिसत होते.

हे काम पुढे नेण्यासाठी हबल यांना मिल्टन ह्यूमसन हे सहकारी लाभले. त्यांची कथा मोठी विलक्षण आहे. ह्यूमसन यांचे शालेय शिक्षण लहान वयातच सुटले होते. डोंगरावर वेधशाळा बांधली जात असता खेचरांच्या पाठीवरून सामान वर नेण्याचे काम ते करीत. पुढे वेधशाळेतच त्यांना झाडलोटीची नोकरी मिळाली आणि रात्री दुर्बिणीपाशी मदत करता करता ते निरीक्षणाच्या कामात इतके तरबेज झाले, की हेल यांनी त्यांना शास्त्रज्ञांच्या पंक्तीत घेतले. ऑक्सफर्डला शिकून आलेले हबल आणि शाळा अर्धवट सुटलेले ह्यूमसन यांनी खांद्याला खांदा लावून काम केले. हबल अंतरे मोजीत. ह्यूमसन वेग मोजीत.

१९२९ साली हबल यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. २४ दीर्घिकांची अंतरे आणि वेग त्यांनी शेजारी शेजारी मांडले होते. त्यावरून एक सरळ नियम दिसत होता: दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगाने दूर जाते. दोन वर्षांतच ह्यूमसन यांच्या मोजणीने हा नियम सेकंदाला सुमारे २० हजार किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दीर्घिकांपर्यंत खरा ठरला.

या नियमाचा अर्थ काय? भोगीच्या दिवशी घरोघर तीळ लावून बाजरीची भाकरी करतात. भाकरी थापत जावी तसतशी ती पसरते आणि तिच्यावरील प्रत्येक तीळ दुसऱ्या प्रत्येक तिळापासून दूर जातो. भाकरी दुप्पट रुंद झाली, तर एका बोटावरचा तीळ दोन बोटांवर जातो आणि तीन बोटांवरचा सहा बोटांवर जातो. म्हणजे जो तीळ मुळात दूर, तो तेवढ्याच वेळात अधिक सरकतो. कोणत्याही तिळावर बसून पाहिले, तरी हेच दिसेल. म्हणून कोणताही एक तीळ मध्यभागी आहे, असे त्यावरून ठरत नाही. दीर्घिकांचे तसेच आहे. विश्वाचा विस्तार होत आहे, म्हणून त्या एकमेकींपासून दूर जात आहेत.

हा विचार बेल्जियममधील धर्मोपदेशक व गणितज्ञ जॉर्ज लमेत्र यांनी दोन वर्षे आधीच, १९२७ साली, फ्रेंच भाषेतील एका निबंधात मांडला होता. पण तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. हबल स्वतः मात्र निष्कर्ष काढण्यात फार सावध होते. मोजलेले आकडे आपण देतो, त्यांचा अर्थ लावण्याची घाई करणार नाही, अशी त्यांची वृत्ती होती. रेषांच्या सरकण्याचा अर्थ दीर्घिकांचा प्रत्यक्ष वेग हाच आहे, असे त्यांनी कधीही निःशंकपणे म्हटले नाही. १९३१ साली आइन्स्टाइन माउंट विल्सनला आले. विश्व स्थिर आहे असे समजून त्यांनी आपल्या समीकरणांत एक जादा पद घातले होते. नव्या मोजणीनंतर त्यांनी ते सोडून दिले. पुढे २०१८ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस केली आणि लमेत्र यांचे ऋण मान्य केले.

हबल यांनी प्रसरणाचा दरही काढला. दर मेगापार्सेक अंतराला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर असा तो होता. या आकड्याने मोठीच अडचण उभी केली. औंढ्याहून एकाच वेळी निघालेल्या दोन गाड्या किती दूर गेल्या आणि किती वेगाने चालल्या हे कळले, की त्या केव्हा निघाल्या हे सांगता येते. त्याच रीतीने विश्वाचे वय काढले, तेव्हा ते सुमारे २०० कोटी वर्षे भरले. उलट, खडकांतील किरणोत्सारी द्रव्यांवरून पृथ्वीचे वय ३०० कोटी वर्षांहून अधिक निघू लागले. लेक आईहून वयाने मोठी कशी असेल? कोठे तरी चूक होती, यात शंका नव्हती.

चूक अंतरांत होती. १९५२ साली वॉल्टर बाडे यांनी दाखवून दिले, की सेफीड तारे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे दीर्घिका निम्म्याहून जवळ मानल्या गेल्या होत्या. अंतरे दुपटीहून वाढली. तशी विश्वाचे वयही वाढले. पुढे हबल यांचे शिष्यस्थानी असलेले ॲलन सँडेज यांनी आणखी चुका दुरुस्त केल्या आणि १९५८ साली हा दर ७५ च्या आसपास आणला. देवयानीतील दीर्घिका ९ लाख नव्हे, तर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, हे आता ठाऊक झाले आहे. हबल यांचा आकडा सुमारे सात पटींनी चुकला होता; परंतु त्यांनी शोधलेला नियम अढळ राहिला. त्यांची साखळी सदोष होती; मोजणीची दिशा मात्र बरोबर होती.

दुसऱ्या महायुद्धात हबल यांनी तोफगोळ्यांच्या मार्गाचे गणित करणाऱ्या सरकारी केंद्रात काम केले आणि त्याबद्दल १९४६ साली त्यांना सन्मानपदक मिळाले. युद्धानंतर पालोमार डोंगरावर २०० इंची दुर्बीण उभी राहिली. १९४९ साली तिच्यातून पहिले छायाचित्र घेण्याचा मान हबल यांनाच देण्यात आला. त्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तरीही प्रकृती थोडी सुधारताच ते पुन्हा कामाला लागले. २८ सप्टेंबर १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन मरिनो येथे त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी ग्रेस यांनी सार्वजनिक अंत्यविधी केला नाही. त्यांची समाधी कोठे आहे, हेही जगाला ठाऊक नाही. परंतु १९९० साली अवकाशात सोडलेल्या प्रचंड दुर्बिणीला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या नावाला याहून शोभणारे स्मारक दुसरे कोणते असणार?

हबल माउंट विल्सनवर काम करीत असतानाच, त्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पॅसाडेना शहरात फ्रिट्झ झ्विकी नावाचे एक शास्त्रज्ञ होते. १९३३ साली त्यांनी अरुंधती केश या तारकासमूहातील दीर्घिकांच्या थव्याचा अभ्यास केला. गोफण जितक्या वेगाने फिरवावी, तितकी तिची दोरी मजबूत लागते. नाहीतर धोंडा निसटून जातो. त्या थव्यातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या, की दिसणाऱ्या द्रव्याच्या आकर्षणाने त्या बांधून राहणे शक्य नव्हते. तेथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे, असे झ्विकी यांनी म्हटले. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी हबल यांच्याच देवयानी दीर्घिकेच्या भ्रमणाचा वेग मोजून प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्या कडेचे भागही अनपेक्षित वेगाने फिरताना दिसले. विश्वात साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट असे अदृश्य कृष्णद्रव्य आहे, असा आजचा हिशेब आहे. ते कशाचे बनलेले आहे, हे मात्र अद्याप कोणालाही सांगता आलेले नाही.

येथेच प्रसरणाच्या दराचा वाद आणि कृष्णद्रव्याचे कोडे एकमेकांना येऊन मिळतात. हबल यांच्या मार्गाने, म्हणजे सेफीड तारे आणि स्फोट पावणारे तारे यांच्यावरून अंतरे मोजली, तर प्रसरणाचा दर सुमारे ७३ येतो. दुसऱ्या मार्गात विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रकाशाचे जे अवशेष सर्व आकाशात भरून राहिले आहेत, ते तपासतात. साधे द्रव्य, कृष्णद्रव्य आणि प्रसरणाला गती देणारी अज्ञात ऊर्जा यांची प्रमाणे धरून गणित केले, म्हणजे दर सुमारे ६७ निघतो. फरक थोडा दिसतो. पण दोन्हीकडील मोजणी इतकी काटेकोर झाली आहे, की तो सहज सोडून देता येत नाही. एकतर कोणत्या तरी मोजणीत अजून न उमगलेली चूक आहे, किंवा विश्वाविषयीची आजची कल्पनाच अपुरी आहे. हबल यांच्या वेळी पृथ्वी विश्वाहून वडील ठरली होती. आजचा पेच तितका विचित्र नाही, परंतु जात तीच आहे.

दोन मोजण्यांत बांधाचा वाद पडला, म्हणजे शहाणा मोजणीदार दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवीत नाही. तो तिसरी, स्वतंत्र मोजणी करतो. दुधाळ्याच्या वेधशाळेचे महत्त्व येथे आहे. दोन अतिघन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत आदळतात, तेव्हा अवकाशात लहरी उठतात. औंढ्याच्या देवळातील घंटा किती जोराने वाजविली हे ठाऊक असले, तर ती किती क्षीण ऐकू येते यावरून ऐकणारा किती दूर आहे हे ताडता येईल. या लहरींची घडणच अशी असते, की मुळातला आघात केवढा होता हे तीच सांगते. त्यामुळे मधल्या ताऱ्यांच्या पायऱ्या न चढता अंतर मिळते. १९८६ साली बर्नार्ड शुट्झ यांनी ही युक्ती सुचविली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी अशी एक टक्कर अमेरिकेतील दोन आणि इटलीतील एक अशा तीन वेधशाळांच्या साहाय्याने सापडली. तिच्यावरून दर सुमारे ७० आला. परंतु एकाच घटनेवरून केलेल्या या मोजणीत अनिश्चितता एवढी होती, की ७३ आणि ६७ हे दोन्ही आकडे तिच्यात सहज बसत होते. निकाल लागण्यासाठी अशा पुष्कळ घटना हव्यात आणि प्रत्येकीची आकाशातील जागा अचूक कळावयास हवी. त्यासाठी पृथ्वीवर दूरदूरच्या ठिकाणी वेधशाळा असणे आवश्यक आहे.

दुधाळ्याच्या वेधशाळेच्या आराखड्यात काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत. लहर आली असता या भुजांच्या लांबीत पडणारा फरक अणूच्या गर्भातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी पटींनी लहान असतो. म्हणून जमिनीची अत्यंत शांतता लागते. आणि ही शांतता हिंगोलीच्या माळावर शास्त्रज्ञांना आढळली.

लेव्हिटबाईंनी किल्ली घडविली, स्लायफर यांनी रेषा मोजल्या, ह्यूमसन यांनी थंडीत रात्री जागविल्या आणि हबल यांनी त्या साऱ्यांच्या श्रमांतून एक नियम उभा केला. त्यांचा आकडा पुढच्यांनी खोडला, यात त्यांना कमीपणा नाही. देवयानीच्या काचेवरील स्वतःची खूण त्यांनीही अशीच खोडली होती. आज जे आकडे बिनचूक वाटतात, त्यांतील एखादा उद्या खोडला जाईल. तो खोडण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे आणि खोडण्यापूर्वी पुन्हा एकदा मोजून पाहण्याची चिकाटी ज्याच्यापाशी आहे, तोच विश्वाचा खरा मोजणीदार होय.